पाळी बदलताना वॉर्डातल्या बेलला हाक मारू देण्याबाबत

प्रति,
मा. माहिती सुरक्षा अधिकारी,
मध्यवर्ती रुग्णालय,
प्रशासकीय इमारत, दुसरा मजला.

विषय : पुरुष वॉर्डातील 'बेल' या प्रोग्रामला स्पीकर वापरण्याची मुभा देणारा एक ओळीचा नियम मंजूर करून त्यास आपल्या कार्डाची मान्यता मिळणेबाबत. (आजच, दुपारच्या आत)

संदर्भ : १) अर्जदाराचा याच विषयावरील अर्ज. २) त्याचे स्मरणपत्र. ३) त्या स्मरणपत्राचे स्मरणपत्र, जे आपल्या कार्यालयाने 'पाहिले' असा शेरा मारून परत केले आहे.

महोदय,

१. अर्जदार हा रुग्णालयाच्या संगणक कक्षात सर्व्हर सांभाळतो, हे आपणास ठाऊक आहे. तो भांडखोर नाही, हेही ठाऊक असावे. तरीही एका ओळीसाठी हा चौथा कागद आपल्या टेबलावर येत आहे. तो घेऊन अर्जदार आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसला आहे असे म्हणणेही बरोबर नाही, कारण त्यास बसवत नाही. तो उठतो, पाण्याच्या कूलरपर्यंत जातो, पाणी न पिता परत येतो. आपल्या शिपायाने 'अहो, फरशी झिजेल' असे त्यास सुनावलेही आहे. सबब अर्जात एखादा शब्द वेडावाकडा पडला असल्यास मोठ्या मनाने घ्यावे.

२. हे सगळे कोठून सुरू झाले ते थोडक्यात. बाह्यरुग्ण विभागातल्या टोकनच्या पडद्यावर एके सकाळी रुग्णांच्या नंबराऐवजी जुगाराची जाहिरात झळकली. दम्याचे, हाडांचे, डोळ्यांचे, सगळे रुग्ण आपापली दुखणी विसरून ती बघत बसले. पडदा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये बाहेरून कोणीतरी शिरले होते आणि तेथून थेट औषधांच्या साठ्यापर्यंत डोकावून गेले होते. नुकसान झाले नाही, पण वरपर्यंत बोभाटा झाला. तेव्हा आपण सर्व सर्व्हरांवर सक्तीचे प्रवेश-नियंत्रण बसवण्याचा आदेश काढला. बैल गेला आणि झोपा केला असे काहीजण म्हणाले खरे, पण झोपा करणे भागच होते. आदेश योग्य होता असे अर्जदार आजही म्हणतो.

३. या नियंत्रणाचा अर्थ अर्जदाराने समितीच्या बैठकीत समजावून सांगितला होता. आपण त्या वेळी फोनवर होता, म्हणून पुन्हा सांगतो. साध्या पद्धतीत प्रोग्राम ज्याने सुरू केला त्याच्या अधिकाराने वागतो. साहेबांनी सुरू केला तर साहेबांच्या तोऱ्यात. सक्तीच्या पद्धतीत प्रत्येक चालत्या प्रोग्रामच्या, म्हणजे प्रोसेसच्या, गळ्यात एक बिल्ला अडकवतात. कोणत्या बिल्ल्याने कोणती फाइल वाचायची, कोणते यंत्र वापरायचे, कोणाशी बोलायचे हे पॉलिसीत लिहिलेले असते. जे लिहिलेले नाही, ते करायचे नाही. मग प्रोग्रामचा मालक येवो, ज्याच्या हाती सगळ्या किल्ल्या तो रूट येवो, नाहीतर खुद्द वैद्यकीय अधीक्षक येवोत, नाही म्हणजे नाही. शिवाय ही पॉलिसी कोणा एकट्याला बदलता येऊ नये, तिला दोन कार्डे लागावीत, एक अर्जदाराचे व एक आपले, ही सूचना अर्जदाराचीच. त्या दिवशी टाळ्या पडल्या होत्या. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत आहोत, हे टाळ्यांच्या आवाजात त्यास कळले नाही.

४. पॉलिसी काही मनाने लिहीत नाहीत. आधी पंधरवडाभर सगळे प्रोग्राम 'शिकाऊ' अवस्थेत ठेवायचे असतात. त्या अवस्थेत कोणाला अडवत नाहीत, फक्त कोण काय करतो ते टिपतात. पंधरवड्यात जे जे घडले त्याला परवानगी, बाकी सगळ्याला कुलूप. ही रीत सगळीकडे चालते. आपल्याकडे माशी शिंकली ती अशी की, आपल्या कार्यालयाने आधी परिपत्रक काढले : 'या पंधरवड्यात संगणकाद्वारे निरीक्षण होणार असून सर्वांनी दक्ष राहावे.' निरीक्षण प्रोग्रामांचे होते. लोकांना वाटले, आपले आहे. मग काय विचारता! औषधभांडारातले काका, जे रोज सकाळी पासवर्ड विसरतात, ते एकदाही विसरले नाहीत. तपासणीचे अहवाल वेळेच्या आधी. रुग्णालय इतके शहाण्यासारखे पूर्वी कधी वागले नव्हते आणि नंतरही वागले नाही.

५. पुरुष वॉर्डात प्रत्येक खाटेला एक बटण आहे. ते दाबले की सिस्टरांच्या टेबलावर दिवा लागतो. थोड्या वेळात कोणी येऊन दिवा बंद केला नाही, तर 'बेल' हा प्रोग्राम पाळीच्या खोलीतला स्पीकर उघडतो आणि खाटेचा नंबर मोठ्याने पुकारतो. दुपारी पाळी बदलते तेव्हा जाणाऱ्या आणि येणाऱ्या सिस्टर त्या खोलीत दार लावून एकेका रुग्णाची हकीगत एकमेकींच्या हवाली करतात. त्या वेळी टेबलावर कोणी नसते आणि नातेवाइकांनाही बाहेर काढलेले असते. हे सगळे वर्षानुवर्षे त्या स्पीकरच्या भरवशावर सुरळीत चालले होते. परिपत्रक निघताच मोठ्या सिस्टरांनी एका सिस्टरला पाळी बदलतानाही टेबलापाशी उभे केले. दिवा लागतो न लागतो तोच ती खाटेजवळ. पंधरवडाभर स्पीकरला तोंड उघडावे लागले नाही, म्हणून पॉलिसी शिकली की 'बेल'ला स्पीकर लागत नाही. अर्जदाराने ती वाचली. इतकी स्वच्छ पॉलिसी पाहून त्यास बरेच वाटले आणि त्याने कुलूप लावले. निरीक्षण संपले, टेबलापाशी उभी केलेली सिस्टर पुन्हा पाळीच्या खोलीत गेली. तेव्हापासून पाळी बदलताना नुसता दिवा लागतो आणि कोणी न पाहता लागूनच राहतो.

६. आता याच पुरुष वॉर्डात दाखल असलेल्या अर्जदाराच्या वडिलांविषयी. घरात त्यांना सगळे दादा म्हणतात. दादा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या टेम्पोवाल्यांना आत न येता कांद्याची बोली कळायची, असा तो आवाज. घरातही त्यांना हळू बोलणे माहीत नव्हते. ताईच्या, म्हणजे अर्जदाराच्या थोरल्या बहिणीच्या, लग्नात व्याह्यांनी 'जरा हळू' म्हटले, तर दादा म्हणाले होते, 'हळू बोलायला मी काय चोरी केलीय?' लहानपणी अर्जदारास त्या आवाजाची लाज वाटायची. आता तो कानाशी आणायचा प्रयत्न करतो, तर नीट आठवत नाही. पक्षाघाताने दादांची वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली, डाव्या हातातही फारसा दम राहिला नाही. मनासारखा हलतो तो त्या हाताचा अंगठा. ताईने कापडाची पट्टी शिवून बटण त्यांच्या तळहाताला बांधून दिले. सुरुवातीला त्यांनी काय धमाल केली! पाण्यासाठी दाब, उशीसाठी दाब, समोरच्या खिडकीचा पडदा तिरका आहे म्हणून दाब. शेजारच्या खाटेवर एक शिंपीकाका आहेत, पाय वजनाला टांगलेला. ते म्हणायचे, 'म्हाताऱ्याने अंगठ्यावर दुकान मांडलंय.' सिस्टर वैतागायच्या पण यायच्या. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, दाबू द्या, तेच बोलणे आणि तोच व्यायाम.

७. कुलूप लागल्यानंतरच्या एका दुपारी दादांना लघवीला लागली. पाळी बदलत होती. त्यांनी बटण दाबले, दिवा लागला, कोणी आले नाही. पुन्हा दाबले. दाबतच राहिले. शिंपीकाकांनी ओरडून पाहिले, पण खोकल्याने त्यांचा आवाज बसलेला आणि खोलीचे दार बंद. व्हायचे ते अंथरुणात झाले. पाळीची बोलणी त्या दिवशी लांबली आणि दादा तसेच पडून राहिले. सिस्टर आल्या तेव्हा त्या एका शब्दाने रागावल्या नाहीत, सगळे बदलून दिले. मोठ्या सिस्टर तर रडकुंडीला आल्या. 'अहो, बेल वाजलीच नाही हो. वाजली असती तर एक तरी धावली असती,' असे त्या अर्जदारास म्हणाल्या, आणि ते खरे आहे. संध्याकाळी ताई भेटायला गेली तर दादा भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्या दिवसापासून त्यांनी बटणाला अंगठा लावलेला नाही. अंगठा आत घेऊन मूठ आवळून ठेवतात. ताई अर्जदारास म्हणाली, 'तू कॉम्प्युटरवाला ना? मग एवढी एक घंटी तुला वाजवता येईना?' व्यायामाच्या बाईंचे म्हणणे आणखी वाईट आहे. मूठ अशीच राहिली तर आखडेल आणि मग अंगठाही गेला समजा, असे त्यांनी स्वच्छ सांगितले आहे. दादांजवळ तेवढा एकच अवयव उरला आहे ज्याने ते कोणाला काही सांगू शकतात. हा अर्ज त्या अंगठ्यासाठी आहे. रुग्णालयाच्या हिताचा वगैरे मजकूर मागच्या अर्जांत आहे, तो तेथे पाहावा.

८. गेल्या महिन्यात आपण अर्जदारास सर्वांसमक्ष प्रशस्तिपत्र व फुलांचा गुच्छ दिला, त्याबद्दलही एकदा लिहिणे भाग आहे. पॉलिसीने एखाद्या प्रोग्रामला अडवले की त्याची नोंद होते. आपल्या कार्यालयाने त्या नोंदी मोजून 'परतवून लावलेले घुसखोरीचे प्रयत्न' या मथळ्याखाली वर पाठवल्या. आकडा मोठा होता, वरचे खूश झाले. महोदय, त्या आकड्यात खरा चोर एकही नाही. सर्वांत जास्त वेळा पकडला गेलेला घुसखोर म्हणजे पुरुष वॉर्डाची बेल, आणि स्पष्टच लिहायचे तर दादा. एका म्हाताऱ्याने लघवीसाठी मारलेल्या हाका आपण दोघांनी मिळून परतवून लावल्या आणि वर गुच्छ घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती याहून वेगळी नसावी. नियम मंजूर झाल्यास पुढच्या महिन्याचा आकडा खाली येईल, याची अर्जदारास जाणीव आहे. तो दोष खुशाल अर्जदाराच्या माथी मारावा.

९. मागील अर्जांवर आपल्या कार्यालयाने दिलेली उत्तरे अशी. पहिले, नियमबदल समितीपुढे ठेवावा. समितीची बैठक दुपारी असते. तिला वॉर्डांच्या प्रतिनिधी म्हणून मोठ्या सिस्टर हजर लागतात, आणि त्या वेळी त्या पाळीच्या खोलीत असतात. बैठकीची वेळ बदला म्हटले, तर वेळ बदलण्याचा अधिकार समितीस आहे व तो बैठकीतच वापरता येतो. दुसरे उत्तर, रुग्ण हा अर्जदाराचा पिता असल्याने हितसंबंध उद्भवतो, सबब अर्ज अन्य व्यक्तीने करावा. मोठ्या सिस्टरांनी बिचाऱ्यांनी केला. तो 'तांत्रिक तपशील नाही' म्हणून परत आला. तपशील अर्जदाराने लिहून दिला, तर अक्षर ओळखून पुन्हा 'हितसंबंध'. तिसरे उत्तर, रुग्णास पाळी बदलण्याची वेळ टाळून बेल वापरण्याचे महत्त्व समजावून द्यावे. दादांना समजावता येईल, महोदय, ते समंजस आहेत. त्यांच्या मूत्राशयापर्यंत परिपत्रक पोहोचवण्याची सोय मात्र या कक्षाकडे नाही.

१०. आपण काहीच केले नाही असे अर्जदाराचे म्हणणे नाही. आपण एका दिवसापुरती 'बेल'ला पुन्हा शिकाऊ अवस्था मंजूर केलीत, म्हणजे स्पीकर उघडला की पॉलिसी आपोआप शिकेल. अर्जदाराचा जीव भांड्यात पडला होता. पण त्याच सकाळी परिपत्रक निघाले : 'आज पुरुष वॉर्डात निरीक्षण.' झाले! दुपारी टेबलापाशी एक सोडून दोन सिस्टर उभ्या. शिंपीकाकांनी मुद्दाम बटण दाबून पाहिले, तर त्यांना विचारपूस, पाणी आणि पाठीला पावडरसुद्धा मिळाली. ते म्हणाले, 'रोज निरीक्षण ठेवा बुवा, मी इथून हलत नाही.' संध्याकाळी अवस्था संपली, पॉलिसी होती तेवढीच शहाणी राहिली. पुढे शिंपीकाकांनी दादांच्या वतीने स्टीलचा पेला खाटेच्या दांड्यावर वाजवण्याचा उपाय काढला. शांततेचा भंग होतो म्हणून पेला काढून घेऊन त्यांना कागदी पेला देण्यात आला आहे.

११. अर्जदाराने काय काय करून पाहिले, तेही नमूद करतो. पाळी बदलताना तो स्वतः वॉर्डात थांबण्यास गेला. त्या वेळी त्याचे कार्ड त्या दाराला चालत नाही. चौकीदार म्हणाला, 'तुम्हाला कोण नाही म्हणतंय हो, पण मी उघडलं तर माझी नोकरी जाईल.' त्याचेही बरोबर आहे. अर्जदार दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिला. टेबलावर कोणाच्या तरी खाटेचा दिवा लागला होता. तो दिवा बघत राहण्यापलीकडे त्यास काही करता आले नाही, आणि तो कोणाचा होता हे आजही त्यास माहीत नाही. काच ठोठावली तर दादाच दचकले. सर्व्हर बंद करून, कुलूप काढून, पुन्हा सुरू करणे हा मार्ग अर्जदारास येतो. पण त्याच सर्व्हरवर रक्तपेढी आहे, शस्त्रक्रियांची यादी आहे. आपल्या बापासाठी दुसऱ्याच्या बापाचा जीव टांगणीला लावणे त्यास जमणार नाही. निरीक्षणापुरते कसेबसे निभावले, पण रोज ज्या एका सिस्टरला टेबलापाशी ठेवायचे, तिच्याविना बाजूच्या हॉलमधल्या खाटांची हकीगत घ्यायला माणूस नाही, असे मोठ्या सिस्टर म्हणतात. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१२. मागितलेला नियम सोबत जोडला आहे. 'बेल' हा बिल्ला असलेल्या प्रोसेसने पाळीच्या खोलीतला स्पीकर उघडावा व त्यावर बोलावे, एवढेच त्यात आहे. तिला कोणतीही नवी फाइल वाचता येणार नाही, बाहेर कोणाशी बोलता येणार नाही, औषधांच्या साठ्याकडे वळूनही बघता येणार नाही. राखीव यंत्रावर अर्जदाराने तो चालवून पाहिला. स्पीकर बोलला. रिकाम्या खोलीत खाटेचा नंबर ऐकून अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले, हे तांत्रिक तपशिलात मोडत नसल्यास वगळावे.

१३. आता आजचे. सकाळी व्यायामाच्या बाईंनी दादांची मूठ उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. दादा कण्हले, ताई खिडकीकडे जाऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या, आणखी थोडे दिवस असेच गेले तर पुढे मला काही करता येणार नाही. ते ऐकून अर्जदाराच्या तोंडून निघून गेले, 'दादा, बेल दुरुस्त झाली. मी केली. आज दुपारी पाळी बदलताना वाजवून बघा, सगळ्या धावत येतील.' ही गोष्ट खोटी होती. दादा अर्जदाराकडे बराच वेळ बघत राहिले. बाजारात उभा जन्म काढलेला माणूस, समोरच्याच्या तोंडाकडे बघून त्याच्या बोलीत किती पाणी आहे ते ओळखायचा. पण घरातल्या माणसाच्या बाबतीत त्यांनी ते कधी केले नाही, आणि आजही केले नाही. मूठ हळूहळू सैल झाली. अंगठा बाहेर आला आणि बटणावर जाऊन थांबला. शिंपीकाकांनी 'शाब्बास रे पठ्ठ्या' म्हटले. ताईने अर्जदाराच्या पाठीवरून हात फिरवला. तिलाही ते खरेच वाटले आहे.

१४. मघाशी अर्जदार पुन्हा काचेतून डोकावून आला. नातेवाइकांना बाहेर काढायला सुरुवात झाली आहे. दादा जागे आहेत, अंगठा तसाच बटणावर आहे आणि ते दुपारची वाट बघत आहेत.

१५. साहेब, समिती नको, शेरा नको, उत्तरही नको. मी त्यांना सांगून बसलोय. आज ते दाबणार आणि कोणी आले नाही, तर ते पुन्हा कधी दाबायचे नाहीत, आणि मी काही सांगितले तर ऐकायचेही नाहीत. कार्ड टेकवायचे यंत्र मी हातात घेऊनच आलो आहे. आपण खुर्चीवरून उठूसुद्धा नका, मी आत येतो.

दाराबाहेर उभा असलेला,

(सही)
संगणक कक्ष

दिनांक : आजचा. पाळी बदलायची आहे.

सोबत : नियम, एक ओळ.